समोरासमोरच्या विहिणी

सुरतेच्या डिंडोलीतल्या त्या गल्लीत कुणाचं पोर हट्टाला पेटलं की आई त्याला उचलून सरस्वतीच्या दारात आणून सोडायची. तिच्याकडे काही ना काही असायचंच. रिकाम्या बॉबिनची चाकं लावलेली गाडी, काड्यापेट्यांची आगगाडी, पुठ्ठ्याच्या नळीतून डोकं बाहेर काढणारा साप. यातलं एकही दुकानातून आलेलं नव्हतं. तिचा नवरा बळीराम भेस्तानच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. फुटक्या बॉबिन, गुंतलेलं सूत, नळ्या असलं टाकाऊ सामान शेठला विचारून तो पिशवीतून घरी आणायचा. पिशवी पुढ्यात ओतली की सरस्वतीचा चेहरा असा खुलायचा, की बळीराम म्हणायचा, लोकांच्या बायका नव्या लुगड्यालाही एवढ्या हसत नाहीत.

सरस्वती बुलढाण्याकडची. लहानपणी धाकटी भावंडं तिच्या हवाली करून आई शेतावर जायची. त्यांना रडू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. मग चिखलाची चूल, ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी, चिंचोक्यांचे डोळे लावलेली म्हैस, असं करता करता तिचे हात वळत गेले. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा इथे ना तो चिखल होता ना ते धांडे. चिंध्या मात्र उदंड. पर्वत पाटियाकडच्या एका व्यापाऱ्याचे साड्यांचे गठ्ठे घरी यायचे. लोंबणारे धागे कापायचे, काठाला लेस शिवायची. उरलेले तुकडे ती रंगारंगांनी वेगळे करून कोनाड्यात ठेवायची आणि आता याचं काय करावं, या विचारात हातातलं काम सोडून बसायची.

पोरांसाठी करते, हे तसं निमित्तच होतं. गाडी तयार झाली की ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती आधी स्वतः चालवून बघायची. मोठा मुलगा नितीन बाजूला उभा राहून कंटाळायचा आणि शेवटी म्हणायचा, “आई, आता माझी पाळी.”

अशाच एका गाडीने घात केला. सत्त्याण्णव सालच्या होळीच्या आधीची गोष्ट. त्या गाडीला सरस्वतीने मोठ्या बॉबिनची चाकं लावली होती आणि ती इतकी जोरात पळायची, की नितीनचा तिच्यावर ताबा राहायचा नाही. समोरच्या घरातल्या मालतीबाईंनी सकाळपासून खपून बिबड्या घातल्या होत्या, म्हणजे ज्वारीच्या पिठाचे पातळ पापड. गल्लीच्या कडेला जुनी साडी अंथरून त्या उन्हात टाकल्या होत्या. गाडी सुटली ती थेट त्या साडीवरून गेली आणि तिला आवरायला नितीनही मागोमाग त्यावरून धावला.

मालतीबाई अमळनेरकडच्या, खान्देशी. नवरा राघो बळीरामसारखाच लूमवर. बाई हाताने चलाख आणि जिभेने त्याहून. त्या बाहेर येऊन बिबड्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. सरस्वती धावत आली, पण घाबरून नको ते बोलून गेली, की पोरंच आहेत, चालायचंच. झालं. मालतीबाईंनी साडीची चारही टोकं धरून गाठोडं बांधलं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. सरस्वतीने दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, तर मालतीबाई नळावर पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मग तिलाही राग आला. गल्ली एवढी अरुंद, की एकीने उंबऱ्यावर पाय पसरले तर दुसरीला ते दिसावेत, आणि दोघी एकमेकींना न बघता दिवस काढत होत्या.

चैत्राच्या मध्यावर गल्लीत कांजिण्यांची साथ आली. आधी सरस्वतीच्या मयुरीला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मालतीबाईंच्या हर्षदालाही. दोघी एका वर्गातल्या, एका बाकावरच्या. घरमालकीण कांताबेनने दोन्ही दारांना कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि पोरींना बाहेर सोडू नका म्हणून बजावलं. दोघींनाही कांजिण्याच, म्हणजे एकत्र बसवायला हरकत नव्हती. पण बसवणार कोण? मयुरी आपल्या उंबऱ्याच्या आत, हर्षदा तिच्या. दोघी अंग खाजवत, एकमेकींकडे बघत दिवसभर बसलेल्या.

मयुरीची खाज विसरायला लावील असं काही हवं होतं. सरस्वतीने कोनाडा उपसला. पांढऱ्या अस्तराच्या कापडाचं अंग शिवलं, त्यात चिंध्या ठासून भरल्या. काळ्या सुताचे केस विंचरून त्यांचा अंबाडा घातला. लालभडक साडीचा जरीकाठ असलेला तुकडा नेसवला, तोही निऱ्या काढून, पदर घेऊन. काम संपलं तेव्हा समोर एक नवरी उभी होती. मयुरीने ती घेतली आणि पहिलं काम काय केलं, तर उंबऱ्यावर येऊन ती उंच धरून हर्षदाला दाखवली.

हर्षदा बघत राहिली. आत गेली. आत बराच वेळ कुरकुर, हट्ट आणि एक धपाटा असे आवाज आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती उंबऱ्यावर आली, तेव्हा तिच्या हातात नवरदेव होता. राघोच्या जुन्या मोज्याचा केलेला, पोट जरा सुटलेलं, डोक्यावर सोनेरी लेसचा फेटा आणि काजळाने काढलेल्या झुपकेदार मिशा. सरस्वतीने दारातूनच तो पाहिला. मिशा बघून तिला हसू आलं आणि फेट्याची बांधणी बघून हेवाही वाटला. इतका नेटका फेटा तिला जमला नसता.

पोरींनी लग्न दारातल्या दारात ठरवून टाकलं. नवरीचं नाव चंपा, नवरदेवाचं नाव बाजीराव. पण पुढचं पोरींच्या हाती नव्हतं. हुंडा नाही हे दोघींनी कबूल केलं, पण साखरपुड्याला साखर लागते, आणि ती आयांकडे होती. मयुरीने आईच्या मागे टुमणं लावलं. तिकडे हर्षदानेही लावलं असणार, कारण संध्याकाळी मालतीबाई उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि कुणाकडे न बघता, हवेत बोलल्यासारख्या म्हणाल्या,

“तुमनी नवरीले नाकच नही.”

सरस्वतीने हातातल्या बाहुलीकडे पाहिलं. खरंच की. डोळे होते, भुवया होत्या, टिकली होती. नाक राहून गेलं होतं. होळीपासूनचा हा पहिला शब्द, आणि तो असा. वाईट वाटून घ्यावं की हसावं, हे तिला क्षणभर कळेना. मग ती म्हणाली, “लावते. पन मंग नथ तुमच्याकडून आली पाह्यजे. नवरदेवाकडून असते नथ.”

 मालतीबाई आत गेल्या आणि वाटीत दोन मोती आणि एक लाल मणी घेऊन, गल्ली ओलांडून, सरस्वतीच्या उंबऱ्याशी आल्या. बाहुलीचं नाक त्याच बैठकीत शिवलं गेलं. सरस्वतीने सुई चालवली, मालतीबाईंनी नथ ओवून दिली. शिवता शिवता सरस्वती खाली मान घालून म्हणाली, की त्या दिवशी आपण चुकीचं बोललो. पोरं चुकतात, पण आपण तुमच्या मेहनतीबद्दल एक शब्द बोललो नाही. मालतीबाईंनी दोऱ्याला गाठ मारली, दाताने तो तोडला आणि लग्न आखाजीला धरू म्हणाल्या.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. मालतीबाई दरवर्षी भुसावळकडची गाडी पकडून अमळनेरला जायच्या. यंदा हर्षदाच्या अंगावरच्या खपल्या पडायच्या होत्या आणि राघोलाही रजा नव्हती. आखाजी जवळ आली तशी डिंडोलीच्या रुळांवरून गाडी धडधडत गेली की त्या हातातलं काम थांबवायच्या. हे सरस्वतीने अबोल्याच्या दिवसांतही पाहिलं होतं. आता त्याचा अर्थ तिला कळला.

मग लग्नाची तयारी अशी सुरू झाली, की खऱ्या लग्नाने बाजूला सरावं. मालतीबाई वरमाय, म्हणून रुसायचा हक्क त्यांचा, आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला. रुखवतात काय मांडणार, वरातीला बँड कुठला, मानपानात कमी पडता कामा नये. सरस्वती वधूमाय, म्हणून तिने मान खाली घालून सगळं ऐकायचं आणि आत जाऊन पोट धरून हसायचं. तिने काड्यापेटीचं कपाट केलं, बाटलीच्या झाकणांची भांडी केली, साडीच्या खोक्याचा मांडव घातला. बळीरामने नळ्या कापून मांडवाचे खांब दिले. बँडचं काम नितीनकडे आलं. तेलाचा रिकामा डबा आणि दोन काठ्या एवढ्यावर त्याने गल्ली दणाणून सोडली.

आखाजीच्या दिवशी पोरी न्हाऊन, नवे फ्रॉक घालून तयार झाल्या. अंगावरचे डाग अजून दिसत होते, पण खाज गेली होती. बाजीराव पाटावर बसून मालतीबाईंच्या घरातून निघाला आणि गल्लीभर हिंडून समोरच्याच घरी, सरस्वतीच्या दारात पोचला. भटजी राघो. त्याला मंगलाष्टकांची चाल येत होती, शब्द येत नव्हते. त्याने चालीत बसवून ताणा, बाणा, धोटा, बॉबिन अशी लूमची सगळी अंगं एकेक करून म्हटली, आणि शेवटचं ‘सावधान’ एवढ्या जोरात म्हटलं की कांताबेनच्या हातातले तांदूळ आधीच सांडले. जेवायला आमरस आणि पुरणपोळी होती. दोन्ही घरांच्या चुली एकत्र लागल्या होत्या.

पाठवणीची वेळ आली आणि सगळं अडलं. मयुरीने चंपाला छातीशी धरलं आणि देणार नाही म्हणून सांगितलं. लग्न झालंय, आता ती सासरी जाणार, असं सगळ्यांनी समजावलं. तिला सासर माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की बाहुली चालली. ती हमसून हमसून रडायला लागली. ते बघून हर्षदाचाही चेहरा पडला, कारण नवरी न घेता परत जायचं म्हणजे लग्न कसलं.

सरस्वतीने मालतीबाईंकडे पाहिलं. वरमाय आता काय बोलते, याची तिला धास्ती होती. मालतीबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि मयुरीजवळ जाऊन बसल्या.

“आखाजीले पोर माहेरले ऱ्हास,” त्या म्हणाल्या. “आज ऱ्हाऊ द्या तिले.”

बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. पदराचं टोक डोळ्यांना लावून त्या उठल्या आणि उगाचच मांडवाचा एक खांब सरळ करू लागल्या. सरस्वतीने त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं, पाटावर बसवलं, ओटीत खण-नारळ घातला. माहेरी आलेल्या लेकीची भरावी तशी ओटी भरली. मग दोघींनी थोडं रडून घेतलं आणि थोडं हसूनही घेतलं.

बाहेर प्रश्न तसाच होता. आज राहील, पण उद्या काय? हर्षदाने ते विचारलंच. बाजीरावाला घरजावई पाठवायला ती तयार नव्हती. तोडगा बळीरामने काढला. तो म्हणाला, पोरगा कमावता आहे, पोरगी सुगरण आहे. त्यांना वेगळं बिऱ्हाड करून देऊ.

एवढं बोलून तो मोकळा झाला. घर बांधायचं काम अर्थातच सरस्वतीकडे आलं. साड्यांची खोकी एकावर एक रचून तिने दोन खोल्यांचं घर उभं केलं. आत मोरी, वर पोटमाळा, खिडकीला जाळीच्या लेसचे पडदे. मालतीबाईंनी आत चूल घातली, भिंतींना चुना फासला आणि एका कोपऱ्यात इवलासा झोका टांगला. कांताबेनने आपल्या ओट्याचा एक कोपरा दिला आणि चंपा-बाजीराव तिथे राहायला गेले. पोरी शाळेतून आल्या की तिथेच. गल्लीतल्या इतर पोरींनाही बाहुल्या हव्या झाल्या, बाहुल्यांना घरं हवी झाली. दुपारची कामं उरकली की दोघी विहिणी कांताबेनच्या ओट्यावर चिंध्या पसरून बसायच्या आणि भोवती पोरांचं कोंडाळं. पावसाळ्यात पहिलं घर भिजून खचलं, तेव्हा दुसरं बांधलं. त्याला वरून प्लास्टिक घातलं.

तिथूनच एक वेगळी गोष्ट निघाली. जवळच्या बालवाडीच्या बाई एकदा गल्लीतून जाताना ओट्यावरची ती वसाहत बघून थांबल्या. गुजरातीत त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. पोरांनी एकदम सरस्वतीकडे बोट दाखवलं. आठवड्यातून एक दुपार बालवाडीत येऊन मुलांना काही करायला शिकवाल का, असं त्या म्हणाल्या. सरस्वती गांगरली. आपण शाळा पाचवीत सोडलेली, गुजराती अर्धी येते, अर्धी नाही; मुलांना काय सांगणार? मालतीबाईंनी तिच्या वतीने होकार देऊन टाकला.

पहिल्या दिवशी बालवाडीत तिला खुर्ची दिली. तिच्यावर ती टेकली, पण हात चालेनात. मग ती सरळ खाली सतरंजीवर बसली, पिशवी उपडी केली आणि एक बॉबिन घरंगळत सोडली. मुलं त्या बॉबिनमागे धावली. पुढे भाषेची फारशी गरज पडली नाही. कुणी मराठी, कुणी गुजराती, कुणी हिंदी बोलत होतं, आणि सगळ्यांनाच आपल्या गाडीला चाकं हवी होती.

त्या दिवशी ती घरी परतली तेव्हा हात खळीने चिकट झाले होते आणि केसांत कागदाचे कपटे अडकले होते. मालतीबाई तिच्याच ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय काय केलं? सरस्वती हात न धुताच त्यांच्याजवळ बसली आणि सांगायला लागली.