घरी विचारल्याशिवाय नाही

‘भाऊ गेले’ असा मेसेज आमच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी चक्क चिडले. सकाळीच तर हा माणूस खाली तर्री-पोहे खाऊन वर आला होता, माझ्या मथळ्यावरून माझ्याशी कचाकचा भांडला होता आणि “जेवून येतो, तोवर पान प्रेसला सोडू नको वं” असं बजावून घरी गेला होता. जेवायला गेलेला माणूस असा जातो का कुठं? मी ऑफिसात सगळ्यांवर ओरडले, “घरी फोन केला का कोणी?”

मनोहरभाऊ म्हणजे आमच्या ‘ठेचा’ साप्ताहिकाचे संपादक. लकडगंजात लाकडाच्या वखारीवर आमची दोन खोल्यांची कचेरी. मोठे पेपर ज्याला हात लावत नसत, ते आम्ही छापायचो. कोराडीच्या वीजकेंद्राची राख कोणाच्या अंगणात पडते, बाजारातल्या हमालांना सावली का नाही, असलं सगळं. बातमीत आम्ही नेहमीच दैनिकांच्या मागे. एकदाच काय ते पुढे होतो. कोराडीचे एक जुने कामगार पुढारी वारल्याचं भाऊंनी चहाच्या टपरीवर ऐकलं आणि आनंदाच्या भरात त्याच दिवशी पहिल्या पानावर मृत्युलेख ठोकून दिला. काय लिहिला होता! मी वाचून रडले होते. अंक बाजारात आला आणि ते पुढारी स्वतः अंक हातात घेऊन आमचा लाकडी जिना धाडधाड चढून आले.

“मी जिता आहो, पाहून घ्या! अन् तेरवीचं जेवण कुठं ठेवलं, तेही सांगा.”

भाऊंनी त्यांच्या पायाला हात लावला. पुढच्या अंकात पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आली, ‘आमचं चुकलं’. ती चौकट मग कायमचीच झाली. दुसरे पेपर चूक आतल्या पानात लपवतात, आम्ही कपाळावर लावायचो. आणि त्या दिवसापासून ऑफिसात एक नियम झाला. भाऊ म्हणायचे, “घरी विचारल्याशिवाय कोणालेच माराचं नाही. अन् फोन पान लावणाऱ्यानंच कराचा.”

त्या दिवशी पान मी लावत होते.

प्रेसवाला खोळंबला होता. फोन हातात होता, पण बोट पुढं सरकेना. मी विचारलं नाही तोवर भाऊ गेलेले नाहीत, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या डोक्यात बसलं होतं. शेवटी लावला. वहिनींनीच उचलला. “वहिनी, ते... भाऊ...”

“विचार ना वं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा. “तुम्ही घरी विचारल्याशिवाय छापत नाही ना? नीट विचार.”

मी विचारलं. काय विचारलं ते आज आठवत नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “ताट वाढून ठेवलं होतं. हात धुवाले गेले, अन् तिथंच... छाप आता.” मग त्यांचा हुंदका फुटला.

मी छापलं. सगळं नियमाप्रमाणे झालं आणि तरीही, इतक्या आठवड्यांनी, मला ते खरं वाटत नाही. दुपारी कोणी जेवायला निघालं की घरी पोचल्यावर फोन कर, असं मी बजावते.

गेल्या अंकात आमची कुठलीच चूक नव्हती. अशा वेळी त्या कोपऱ्यात छोटी जाहिरात टाकायची आमची पद्धत. मी टाकली नाही. प्रेसवाल्यानं फोन करून विचारलं, “ताई, वरची चौकट रिकामीच आहे. काही राहिलं काय?” मी म्हटलं, थांब जरा.

आणि जिन्याकडे कान लावून बसले. भाऊ, या ना तसेच धाडधाड वर. अंक माझ्या टेबलावर आपटा, वाट्टेल ते बोला. जागा ठेवली आहे. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात छापते... आमचं चुकलं.