परातीच्या पाठीवरची पोळी

मुलगा घडतो तो बापाच्या धाकात, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमच्या वाडीला ते मान्य होते आणि शिमग्याच्या बैठकीत दरवर्षी नव्याने मान्य केले जाई. अडचण एवढीच होती की वाडीतले बहुतेक बाप मुंबईला गिरणीत होते. धाक वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, एस.टी.ने पोलादपूरपर्यंत यायचा आणि तिथून डोंगर चढून घामाघूम होऊन घरी पोचायचा. एरवी तो पोस्टकार्डावर असे. आईला वाचता येत नसल्यामुळे मला घातलेला धाक मीच तिला मोठ्याने वाचून दाखवायचो.

त्या वर्षी मी महाडला राहून मॅट्रिक झालो होतो आणि मुंबईच्या नोकरीच्या पत्राची वाट पाहत घरी बसलो होतो. वाडीतला पहिलाच मॅट्रिक, त्यामुळे शिक्षणाने माझे नेमके काय बिघडले आहे याकडे सगळ्यांचे लक्ष होते.

माघात आई गवताचा भारा घेऊन उतरताना घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. सव गावाच्या बाजूचा एक हाड बसवणारा म्हातारा आला. त्याने पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात हलवायचा नाही असे बजावून गेला. घरात दुसरी बाई नव्हती. पाण्याचा झरा खाली उतारावर होता.

मी आधी कावड घेऊन गेलो. कावड पुरुषाची; तिला कोणाची हरकत नसते. पण झऱ्याची वाट एका माणसापुरती. कावड एकीकडे दरडीला आपटे, दुसरीकडे करवंदीच्या जाळीत अडके, आणि घरी पोचेपर्यंत पाण्यापेक्षा पाचोळा जास्त भरे. तिसऱ्या दिवशी मी आईची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर हंडा.

झऱ्यावर बायकांनी माझे रीतसर स्वागत केले.

"सरका गो, नवी सून आली."

"पदर नाय घेतलास तो? सासू काय म्हनंल?"

"हसू नको गो. त्याचा हंडा हिंदकळत नाय, तुझा बघ."

बायका हसल्या आणि दोन दिवसांत विसरल्या. पुरुष हसले नाहीत. कारभारी तर मुळीच हसले नाहीत. कारभारी म्हणजे वाडीतले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, वाडीतल्या सगळ्या सुनांचे मामंजी. ते जन्मात मुंबईला गेले नव्हते आणि त्यामुळे मुंबईने तरुणांचे किती नुकसान केले आहे हे त्यांना नीट दिसत असे. अरुंद विजारी, भांग आणि हातातले घड्याळ या तीन गोष्टींवर ते गेली काही वर्षे बोलत होते. माझ्यामुळे त्यांना चौथी मिळाली. होळीच्या आठ दिवस आधीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत विचारले, "ज्याच्या डोक्यावर चुंबळ, त्याच्या खांद्यावर देवीची पालखी शोभंल काय?"

 बापाला येऊ द्या, मग ठरवू, असे ठरले.

मला पालखीचे विशेष नव्हते. आईला होते. लहानपणी मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा पोर वाचले तर मोठा होऊन तुझ्या पालखीला खांदा देईल, असे ती देवीला बोलली होती. मॅट्रिक झालो म्हणजे मोठा झालो, म्हणून ते वर्ष हेच. बैठकीतले बोलणे ऐकून ती इतकेच म्हणाली, "उद्यापासून पानी नको आनू. मी डाव्या हातानं आनीन." दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठून दोन खेपा करून आलो. 

वडील होळीच्या आदल्या दिवशी आले. कारभाऱ्यांनी त्यांना वेशीवरच गाठले होते, म्हणजे घरी पोचण्यापूर्वी त्यांना माझी सगळी कर्मे कळली होती. त्यांनी ट्रंक ठेवली, आईचा हात उलटसुलट पाहिला, आणि मी वाढलेले जेवले. अर्धे जेवण झाल्यावर विचारले, "भात कोनी केलाय?"

"मी."

"पानी जास्त झालंय."

धाक एवढाच. मी आणखी थोडी वाट पाहिली, पण ते हात धुवायला उठले होते.

पालखी आमच्या दारी येणार होती त्या दिवशी सकाळी खरी पंचाईत झाली. आमच्याकडे पालखीला पुरणपोळीचा नैवेद्य लागतो आणि तो ज्या घरचा त्या घरच्याच चुलीवर व्हावा लागतो. नैवेद्य नसेल तर पालखी दारावरून पुढे जाते. आई डाव्या हाताने कणीक मळायला बसली, आणि परात गरगर फिरत चुलीला जाऊन टेकली. वडिलांनी उठून दार आतून लावले, कडी घातली आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"तुमी काय करता?" आई म्हणाली.

"सरक."

त्यांनी डाळ पाट्यावर वाटली, कणीक तेल लावून मळून ठेवली. पोळपाट-लाटणे भिंतीशी उभे होते. त्याकडे न बघता त्यांनी परात धुऊन उपडी घातली, कोपऱ्यातली काचेची बाटली पुसून घेतली आणि परातीच्या पाठीवर बाटलीने पोळ्या लाटू लागले. परातीच्या बुडाला गोल उंचवटा होता. प्रत्येक पोळीवर मधोमध त्याचा वळ उठत होता. पण एकही पोळी फुटली नाही.

आई बराच वेळ बघत होती. "कुठं शिकलात?"

"खोलीवर." मुंबईला आमच्या वाडीचे सगळे पुरुष लालबागेत एकाच खोलीत राहत. खाणावळीचे कोणाला मानवत नसे. "परत्येकाचा वार ठरलेला हाय. माझा रविवार. थितं पोळपाट नाय, म्हनून परातीवर."

"किती वर्षं झाली?"

"वीस असतील."

"आनि सोमवारी कोन?" तिने सगळा आठवडा विचारून घेतला. वडील लाटता लाटता सांगत गेले. शनिवार झाल्यावर ती म्हणाली, "वीस वर्षं. आनि हितं आलात की पान्याचा तांब्या मी द्यायचा."

 पुढची पोळी वडिलांनी जरा जास्तच काळजीने उलटली.

पालखी दुपारी आली. आईने डाव्या हाताने ओवाळले. अंगणात पंगत बसली आणि मी वाढू लागलो. पालखीचे खांदेकरी सगळे खोलीवरचेच. त्यांनी पानात पोळी पाहिली, पोळीवरचा गोल वळ पाहिला, आणि एकजात माना खाली घातल्या. गेली कितीतरी वर्षे दर सणाच्या रविवारी ते हाच वळ खात होते. एकजण नकळत बोलून गेला, "आज रविवार हाय काय?" शेजाऱ्याने त्याला कोपराने ढोसले. माझ्या वडिलांचे गुपित फोडायचे तर आपापला वारही सांगावा लागला असता. इतके नि:शब्द जेवण वाडीत सुतकातही होत नसे.

कारभाऱ्यांना मात्र कंठ फुटला. दुसरी पोळी संपवून ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "सूनबाय, मोडल्या हातानं येवढं केलंस. बाईमानूस असं असावं. आनि आजकालचे पोरगे बघा."

आई दारात उभी होती. तिने पदर सारखा केला. मोठ्यांपुढे ती कधी बोलत नसे, म्हणून सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"मी नाय केलं, मामंजी. ह्यांनी केलंय. ह्यांचा रविवार असतो. तुमच्या लेकाचा बुधवार."

कारभाऱ्यांचा मुलगा पंगतीतच होता, मिशी राखलेला, दोन मुलांचा बाप. तो पालखीतल्या देवीकडे एवढ्या भक्तीने पाहू लागला की तसे त्याने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

कारभारी त्याच्याकडे वळले. "बुधवारी काय करतोस?"

"पिठलं," तो म्हणाला.

"नुसतंच?"

"भाकरी पन."

"थापून?"

"थापून."

कारभाऱ्यांनी विचार केला. आपल्या घरचा बुधवार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच मनात उभा केला असावा. माझे वडील कुडाला टेकून सगळ्यांसमोर उभे होते. लपले नव्हते, ओशाळले नव्हते. बोटांच्या पेरांना वाळलेली कणीक तशीच होती. त्यानंतर मी मुंबईत पुष्कळ थोर माणसे व्यासपीठावर बसलेली पाहिली, आजच्या तरुणांना वळण कसे लावावे यावरची त्यांची भाषणे ऐकली. पण माझा ऊर त्या दुपारी जसा भरून आला, तसा त्यांपैकी कोणामुळे आला नाही.

"पोळी आनखी हाय काय?" कारभाऱ्यांनी विचारले. मी वाढली. ती खाऊन, हात धुऊन ते म्हणाले, "देवी उन्हात हाय. उचला. आनि त्या पोराला पुढं लावा, उंची बरी हाय."

एवढाच निवाडा झाला. मी पुढच्या डाव्या दांड्याला खांदा दिला. आई देवीला काय म्हणाली ते ऐकू आले नाही, पण ती माझ्याकडे नाही, वडिलांच्या हाताकडे बघत होती. त्या शिमग्यात वडील राहिले तेवढे दिवस आपला तांब्या आपण भरून घेत. परत निघताना त्यांनी मला पोस्टकार्डाइतकेच थोडक्यात सांगितले, "हात बरा होईस्तवर पानी तू भर."

मी भरले. डोक्यावर चुंबळ ठेवून, भर उजेडात, ताठ मानेने भरले. चैत्र गेला, वैशाख गेला. मला बघून झऱ्यावर आणखी दोघे पोरगे हंडा घेऊन येऊ लागले. एका मॅट्रिकमुळे वाडीला वळण लागत आहे, असे मला वाटू लागले होते.

मृगाच्या तोंडावर नोकरीचे पत्र आले. आई पोलादपूरच्या स्टँडपर्यंत पोचवायला आली. मी गाडीत चढल्यावर तिने खालून माझी लोखंडी ट्रंक एका हाताने उचलून खिडकीतून आत दिली. हात उजवा होता.

मी बघतच राहिलो. गाडी सुरू होता होता ती म्हणाली की हात अक्षय तृतीयेलाच बरा झाला होता.