पेनची धाकटी बहीण

साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांना सगळे डिक्शनरीकाका म्हणत. मूळ काम मुद्रितं तपासण्याचं. पण बावीस वर्षं ‘इंग्रजीच्या शंका’ हे सदरही तेच चालवत होते. अमुक शब्दात एक ‘एल’ की दोन, तमुक शब्द कुठे वापरावा, हा आला कुठून, असल्या शंका पोस्टकार्डांवर येत. काका कोश उघडल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

सोमवारी एका शिक्षिकेचं पत्र आलं. काकांनी ते दोनदा वाचलं.

तिच्या वर्गातल्या एका मुलीने शब्दस्पर्धेत सांगितलं होतं, की पेन्सिल ही पेनची धाकटी बहीण, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. परीक्षक म्हणाले, चूक. मुलगी म्हणाली, साप्ताहिकात छापून आलंय. तो अंक कुणाला सापडेना, आणि मुख्याध्यापिकांनी तिला सगळ्यांदेखत खोटारडी ठरवलं. ‘तीन आठवडे ती वर्गात तोंड उघडत नाही. आपण असं लिहिलं होतं का? असल्यास आधार कोणता, तेवढं कळवावं.’

लिहिलं होतं. त्या आठवड्यात मोठा कोश बांधणीला गेलेला, मजकूर द्यायला अर्धा तास उरलेला आणि चौकटीत चार ओळींची जागा रिकामी. दोन्ही शब्द दिसायला सख्खे. काकांनी ते सख्खे करून टाकले. कोश परत आल्यावर पाहिलं, तर पेन पिसापासून आलेलं आणि पेन्सिल कुंचल्यापासून. नातं काही नाही. काकांनी कोश मिटला आणि कुणाला सांगितलं नाही.

पत्र दोन दिवस शर्टाच्या खिशात राहिलं. फोन वाजला की काका दुसऱ्याला उचलायला सांगत. जिन्यात पावलं वाजली की शिक्षिकाच आली असं वाटे.

“अहो, आमटीत मीठ घालायचं राहिलंय आणि तुम्ही निमूट जेवताय,” बायको म्हणाली. “काय करून बसलात?”

“कुठे काय?”

“मग खिशावर हात ठेवून का जेवताय? द्या ते इकडे.”

तिने पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. “केवढी आहे हो मुलगी?”

“असेल बारा-तेरा वर्षांची.”

तिने मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. ती रागावली असती तर बरं, असं काकांना वाटलं.

बुधवारी ते संपादकांपुढे उभे राहिले.

“‘मतभेद आहेत’ असं ठोकून द्या ना काका,” संपादक म्हणाले. “मतभेद कशात नसतात? माझ्या घरी चहावरून आहेत.”

“यात नाहीत, साहेब.”

“मग पत्र मिळालंच नाही म्हणा.”

“ती पोर रोज शाळेत जाते.”

संपादकांनी चष्मा काढला. “कबुली छापली तर सदर बंद करावं लागेल कदाचित. मग तुम्हाला कोण विचारणार?”

हीच तर भीती होती. तरी काकांनी खिशातून चार ओळी काढून टेबलावर ठेवल्या: ते उत्तर चुकीचं होतं, कोश न पाहता मी लिहिलं, मुलगी खरं बोलली. त्याचं मुद्रितही त्यांनाच तपासावं लागलं. सोपे शब्द होते, तरी तीनदा वाचले.

शनिवारी शिक्षिकेचा फोन आला. मुख्याध्यापिकांनी त्या ओळी सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवल्या होत्या. मुलगी हसली होती. काकांना हायसं वाटलं.

“तिने एक विचारायला सांगितलंय,” शिक्षिका म्हणाली. “आता ती तुमची सगळी जुनी उत्तरं शोधून वहीत चिकटवतेय. बाकीची बरोबर आहेत ना?”

काकांनी कपाटाकडे पाहिलं.

“तपासून कळवतो म्हणावं,” ते म्हणाले.

त्यांनी कपाटातून पहिल्या वर्षाची फाइल काढली, शेजारी कोश उघडला. पहिलीच शंका वाचली. तिचं उत्तर आपण कोशात पाहून दिलं होतं की नाही, ते त्यांना काही केल्या आठवेना.