वीस मिनिटांचं इंग्रजी

"काहून, टीचर?"

पेन्सिल कानावर खोचायची, मान थोडी पुढे काढायची आणि हा प्रश्न टाकायचा. मराठीतला हा एकच शब्द, आमच्या वऱ्हाडातला 'का', त्यांना येत होता, आणि तो त्यांनी माझ्या आईकडून उचलला होता. आई दिवसभर घरात कुणाला ना कुणाला 'काहून' विचारतच असते. त्यांना वाटलं, सगळ्यात कामाचा शब्द हाच असावा. ते काही अगदीच चुकलं नव्हतं.

ते चीनमधून आले होते. कोरोनाच्या आधीचं वर्ष. अमरावतीत आमच्या गल्लीजवळ योगशिक्षक तयार करणारं एक छोटं केंद्र होतं, तिथे ते शिकत होते. शेजारच्या काकांच्या गच्चीवरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. वय पन्नास. गावी बायको, मुलगी, आणि योगवर्गासाठी ठरवून ठेवलेला एक हॉल. नाव आमच्यापैकी कुणालाच नीट घेता आलं नाही. आम्ही चार-चार प्रकारांनी घेऊन पाहिलं, ते प्रत्येक वेळी हसून मान हलवायचे, म्हणजे चुकलं. शेवटी गल्लीने त्यांना 'भाऊ' करून टाकलं.

माझ्याबद्दल थोडं. मी वलगावची. आमच्या घरातली पहिली बी.ए., पहिली एम.ए., आणि दोन्ही इंग्रजी घेऊन. हे मी लोकांना पहिल्याच भेटीत सांगते, कारण आपणहून कुणी विचारत नाही. सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे, संध्याकाळी घरी इंग्रजीचा वर्ग घ्यायचे. वर्गाच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात मी कायमचं लिहून ठेवलं होतं: घोकंपट्टी बंद.

भाऊ पहिल्यांदा आले तेव्हा दारातच उभे राहिले. सोबत काका, वकिलाच्या थाटात. काका म्हणजे कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, साहेबाचं इंग्रजी आपल्यालाच येतं अशा समजुतीचे.

"मॅडम, यांचं प्रकरण असं आहे," काका म्हणाले, "आसनं उत्तम. पण परीक्षेत वीस मिनिटांचा वर्ग इंग्रजीतून घ्यावा लागतो, बाहेरच्या परीक्षकांसमोर. त्यात हे नापास झाले. आता मे महिन्यात शेवटची संधी. नाहीतर व्हिसा संपला, चालले तसेच घरी."

भाऊंनी पुढचं स्वतः सांगितलं. "आय नो आसन. एक्झामिनर आस्क." मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. "आय क्लोज."

एवढ्या कमी शब्दांत नापास होण्याचं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली आणि माझी बारा वर्षांची इज्जत पणाला लागली. मी सांगितलं, काल गेलो असलो तर क्रियापद बदलायचं. भाऊंनी पेन्सिल कानावर ठेवली. "आय से यस्टरडे. यू नो इट इज यस्टरडे. व्हर्ब से अगेन. काहून?" मी म्हटलं, नियम आहे. मी म्हटलं, पुस्तकासमोर 'द' लावायचा. "काहून?" नियम आहे. रात्री पडल्यापडल्या मला वाटायला लागलं, खरंच काहून? आपल्या मराठीतही 'द' नाही. आपलं काय अडलंय? पण मला शिकवताना कुणी 'काहून' विचारू दिलं नव्हतं, आणि मीही माझ्या पोरांना विचारू देत नव्हते.

'ही' आणि 'शी' यांत तर रोज गोंधळ. त्यांच्या बोलीत दोन्हींना एकच उच्चार. त्यामुळे ते काकांना बिनदिक्कत 'शी' म्हणायचे. काकांना भरघोस मिशा आहेत.

"मी शी?" काका मला विचारायचे. "मॅडम, हे तुम्ही शिकवता?"

आईला मी अडचण समजावून सांगितली. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. "बरं हाय नं," ती म्हणाली. "तिकडं बाई-माणसाले एकच माप."

शब्द शिकण्याची त्यांची रीत अशी की समोर इंग्रजी दिसलं की वाचायचं. बिस्किटाचा पुडा, कूलरवरची सूचना, काकांच्या कोर्टाच्या जुन्या नोटिसा. प्रत्येक नवा शब्द वहीत वीसदा लिहायचा. एकदा आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या डबीतला तो घडी घातलेला कागद त्यांच्या हाती लागला. त्यांनी बसून सगळा वाचला, शब्दकोशात पाहिला, आणि हातवारे करून आईला समजावला: चक्कर, उलटी, अंगावर पुरळ. आईने दोन दिवस गोळीच घेतली नाही.

"त्या भाऊनं दाखवलं मले," आई म्हणाली. "लिहून हाय म्हणे कागदावर. मंग तू काहून चारून राहिली ही गोयी?"

मी भाऊंना रागावले. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, मग हळूच कागद पुढे केला. "बट टीचर, इट इज रिटन."

मी त्यांच्यासाठी वीस मिनिटांचा वर्ग लिहून काढला. दोन पानं. सोपी वाक्यं: ताठ उभे राहा, श्वास घ्या, दोन्ही हात वर, एका पायावर उभे राहा, श्वास सोडा. म्हटलं, समजून घ्या, चारदा मनात वाचा, आपल्या शब्दांत बोला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गल्ली दचकून उठली. काकांच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून भाऊ ताठ उभे होते आणि माझी दोन पानं खड्या आवाजात भिंतीला सुनावत होते. एकदा नाही, दहादा. समोरच्या घरातल्या बाईला वाटलं, भांडण आहे. ती पाहायला बाहेर आली, दुसरी बाजू दिसेना, म्हणून निराश होऊन परत गेली.

आईने मला हलवलं. "काहून ओरडून राहिले बाप्पा हे सकायीच?"

मी तणतणत गेले. त्यांना वर आणून फळ्यावरचे ते दोन शब्द वाचून दाखवले, अर्थ सांगितला. भाऊंनी 'यस टीचर' म्हटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळी त्याच भिंतीसमोर उभे होते, फक्त ओठ हलत होते. आवाज नाही. ते पाहवेना. एखाद्या टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखा माणूस.

मी खाली गेले. या वेळी 'काहून' मी विचारलं.

त्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. त्यांच्या शाळेत सगळी पोरं पहाटे भिंतीपाशी, झाडापाशी उभी राहून मोठ्याने वाचतात. सगळी एकदम. कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून कुणाची लाज वाटत नाही. मग ओठांवर बोट टेकवून म्हणाले, "माउथ लर्न फर्स्ट. देन आय लर्न."

आता तुम्हाला खरं सांगते. मी इंग्रजी कसं शिकले ते मी कुणाला सांगत नाही. वलगावच्या घरी, गोठ्यात, म्हशीसमोर उभी राहून अख्खं पुस्तक मोठ्याने पाठ करायचे. वर्गात तोंड उघडलं की पोरी हसायच्या. म्हैस एकदाही हसली नाही. त्या दिवशी वर येऊन मी फळ्यावरच्या त्या दोन शब्दांवर डस्टर फिरवलं. कारण काही कुणाला सांगितलं नाही.

मग तीन महिने रोज पहाटे तो वर्ग चालला. काकांनी आधी तक्रार केली, मग गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले, मग उच्चार सुधारायला लागले. "ब्रीज नाही हो, ब्रीद. जीभ दातांत धरा." भाऊ जीभ दातांत धरायचे. दूध घ्यायला आलेली समोरची बाईही नकळत धरायची. अंगण झाडणाऱ्या बायका 'इन्हेल'ला झाडू थांबवायच्या आणि 'एक्झेल'ला पुन्हा चालू करायच्या. त्या दोन पानांतलं अक्षरन् अक्षर गल्लीला येत होतं. यात काही धोका आहे हे माझ्या डिग्र्यांना दिसलं नाही.

मे उजाडला. परीक्षेला चार दिवस होते, आणि भाऊ भर दुपारी दारात उभे. चेहरा उतरलेला. "टीचर. नो पीपल."

केंद्राला सुट्टी लागली होती. वर्ग घ्यायला निदान वीस माणसं लागतात आणि ती उमेदवारानेच आणायची, असा नियम. अमरावतीच्या मे महिन्यात, त्या उन्हात, कोण येणार?

"आमी मेलो का?" आतून आई म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही बावीस जण होतो. साड्यांवर ओढण्या कमरेला गुंडाळलेल्या बायका, पांढऱ्या पायजम्यात काका, भिंतीच्या कडेला आई, दुसऱ्या रांगेत मी. बाहेरच्या परीक्षक बाई नागपूरहून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात कोरा कागद.

भाऊंनी सुरुवात झकास केली. "गुड मॉर्निंग एव्हरीवन. स्टँड स्ट्रेट. इन्हेल, अँड..."

बावीस जणांचे हात वर गेले.

भाऊंनी अजून हात म्हटलंच नव्हतं. ते जरा गडबडले, पुढचं वाक्य घेतलं. ते 'नाऊ' म्हणेपर्यंत हात खाली आले होते. कुणी मुद्दाम करत नव्हतं. अंगवळणीच पडलं होतं. झाडाच्या आसनापर्यंत वर्ग गुरुजींच्या दोन आज्ञा पुढे गेला, आणि काका तर श्वास सोडूनही मोकळे झाले. भाऊ आम्हाला गाठायला धावत होते. त्यांनी एक वाक्य गाळलं, मग एक ओळ, मग अर्धं पानच हातातून सुटलं आणि ते थांबले.

आम्ही एका पायावर उभे, पुढच्या हुकमाची वाट पाहत.

परीक्षक बाई शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "यांना सगळं पाठ आहे. या वर्गाला तुमची गरजच नाही. तुम्हाला बोलता येतं का, ते मी अजून पाहिलेलं नाही." मग त्यांनी पेन आईकडे रोखला. "त्या बाईंनी पाय उचललेला नाही. त्यांना शिकवा."

आईचा गुडघा चार वर्षांपासून दुखतो. ती भिंतीला हात लावून दोन्ही पायांवर उभी होती. आणि हे माझ्या दोन पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची परवानगी नव्हती. मी खाली पाहिलं. मनात म्हटलं, आता हा माणूस तोंडावर हात ठेवणार, आणि तो हॉल, ती मुलगी, हे वर्ष, सगळं गेलं.

ते आईपाशी गेले. "वेअर पेन?"

आईने गुडघ्यावर थाप मारली. "हा टोंगया."

"हाऊ लाँग?"

"चार वर्सं झाले." आईने चार बोटं दाखवली.

"फोर इयर. ओके. यू नो वन लेग. यू टू लेग." त्यांनी तिचा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. "ओन्ली हील अप. स्लो. यू नो फॉल. इफ यू फॉल, आय फॉल फर्स्ट."

आईला एक अक्षर कळलं नाही. ती हसली, त्यांच्या खांद्यावर भार दिला आणि दोन्ही टाचा उचलल्या. बोटभरच. गेल्या चार वर्षांत मी तिला ते करताना पाहिलं नव्हतं.

परीक्षक बाई उठून जवळ गेल्या. फक्त टाचाच का? हात खांद्यावर का, भिंतीवर का नाही? श्वास कधी? बाई विचारत गेल्या आणि भाऊ उत्तरं देत गेले. व्हर्बं सगळी आजचीच, 'द' एकही नाही, आईला मध्येच एकदा 'ही' म्हणाले. मी अकरा चुका मोजल्या आणि मग मोजणं सोडून दिलं. माणूस बोलत होता. कागदाशिवाय, भिंतीशिवाय, समोर माणूस ठेवून.

बाईंनी कागदावर काय लिहिलं ते कळलं नाही. निकाल पंधरा दिवसांनी, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अकोल्याच्या ऑफिसात.

भाऊंनी सामान बांधूनच घेतलं. पास झाले तरी तिथूनच घरी जायचं, नापास झाले तरी जायचं. आई, मी आणि ते, तिघं एस.टी.ने निघालो. ऑफिसातल्या माणसाने गुणपत्रक काढून दिलं. पास. भाषेपुढच्या रकान्यात एकच शब्द होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"टीचर, ॲडिक्वेट. गुड?"

"ॲडिक्वेट म्हणजे पुरेसं," मी म्हटलं. उगाच गोड बोलायची मला सवय नाही.

आईने विचारलं, काय म्हणते कागद? मी सांगितलं.

"पुरलं नं," आई म्हणाली. "मंग झालं."

भाऊंनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी शर्टाच्या आत. मग भर ऑफिसात आईच्या पाया पडले. आई इतकी गोंधळली की तिनेही वाकून त्यांना नमस्कार केला आणि दोघांची डोकी आपटली.

पुढे त्यांचे दोन-तीन मेसेज आले. हॉलचा फोटो आला. मग कोरोना आला, नंबर बदलला असावा, कारण तो लागेनासा झाला. आई अजून अधूनमधून विचारते, मी अजून अधूनमधून लावून पाहते.

पण मला आठवतं ते अकोल्याचं स्टेशन. मुंबईकडची गाडी, जनरलच्या शेजारचा स्लीपर डबा, खिडकीच्या गजांआड ते. आम्ही दोघी फलाटावर. गाडी हलली तसा मी हात वर केला. ते आमच्याकडे पाहतच नव्हते. समोरच्या बाकावर जळगावकडचं वाटावं असं एक कुटुंब बसलं होतं, त्यातल्या आजोबांकडे वळून ते हातवारे करत काहीतरी सांगत होते, आणि आजोबा कानामागे हात धरून पुढे वाकले होते. कुणीतरी सरकून त्यांना जागा करून दिली.

मी वर केलेल्या हाताने ओढणी सारखी केली. आई मला म्हणाली, "चाल. बोलून राहिले ते."