आईचा कोबा

ओल्या चुन्याचा वास आला की अकोल्याच्या जुन्या शहरातली वकिलांची ओसरी आठवते. तिथला चुन्याचा कोबा माझ्या आईने मजुरीवर घोटला होता, इतका की त्यात दिवा दिसे. बाया तो मुद्दाम बघायला येत. पुढे वकिलांनी त्यावर बसवायला चिनी मातीच्या फरशा आणल्या, तेव्हा मिस्त्री आईसमोर छिन्नी धरून थबकला. “मावशी, चिकन्या कोब्यावर फरशी धरत नाई. टाचे मारा लागतीन.” आईने छिन्नीसाठी हात पुढे केला. म्हणाली, “तं थांबला काहून? आण इकडं. मीनंच घोटला, मीच फोडतो.” दुपारपर्यंत तिने सगळी ओसरी खरबरीत केली, धूळ झाडली, पाणी मारलं आणि म्हणाली, “बसव आता.” कॉलेजात निबंध लिहिताना आवडतं वाक्य खोडायची वेळ येते, तेव्हा तिच्याएवढी हिंमत मला अजून होत नाही.