चौथ्या दिवसाचा भोंडला

शाळेत सण साजरे करू नयेत असं माझं मत आहे, आणि ते मी कुणाला पटवून द्यायला जात नाही. हल्ली लहान वर्गांच्या शिक्षिका हौसेने घरी येतात. नागपंचमीला मुलांकडून पाटीवर नाग काढून घेतले, संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या मोजून बेरजा शिकवल्या, एकदा बघायला या, असं म्हणतात. मी जात नाही. म्हातारी खडूस आहे असं त्या जिना उतरताना एकमेकींना सांगत असणार. आहेच मी खडूस. पण हे सगळं मी त्यांच्या जन्माच्या आधी रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत करून बसले आहे, आणि एका वर्षी ते चांगलंच माझ्या अंगावर आलं.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. चौदाव्या वर्षी नवरा गेला, त्यानंतर वडिलांनी हट्टाने पुण्याला पाठवून शिकवलं, आणि परत येऊन मी पहिलीच्या वर्गावर बाई म्हणून लागले. कपाळ मोकळं, हातात काही नाही, पांढरं लुगडं. गावात मला पाहून वाट बदलणारे होते, तसे आपल्या मुलींना माझ्या हाताखाली घालणारेही होते. मला वाटायचं की आपण शिकलो, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलो, आता आपलं कोण काय वाकडं करणार. किती मूर्ख असावं माणसाने!

वर्गात अठरा मुली होत्या. नवरात्राचे नऊ दिवस रोज दोघींची खिरापत, हजेरीपटाच्या क्रमाने. भोंडल्यात पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकेक वाढत जातं. त्यावर मी त्यांना बेरीज शिकवत होते. आजपर्यंत एकूण किती गाणी झाली, ते बोटांवर मोजायचं. पाटीवर मोठ्या शून्यातून हत्तीचं पोट काढायचं, चार उभ्या रेघांचे पाय, आणि सोंड जिच्या तिच्या मर्जीची. येताना तेरड्याची आणि झेंडूची फुलं आणायची, रंगावरून वेगळी करायची, दहादहाचे वाटे घालायचे. सगळ्यात चांगल्या हत्तीची पाटी मधोमध पाटावर ठेवायची, ज्या दोघींची पाळी त्यांनी हळदकुंकू वाहायचं, बाकीच्यांनी फेर धरायचा. शेवटी झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं. मुली शाळा सुटली तरी घरी जायला तयार नसायच्या. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहून कौतुकाने बघायच्या.

हजेरीपटावर सात नंबरची जी मुलगी होती तिचं नाव मी लिहीत नाही. मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा येणार म्हटल्यावर गावोगाव लोकांनी घाईघाईने पोरींची लग्नं उरकून घेतली होती, त्यातलं एक हिचं. ही सहा वर्षांची, नवरा दापोलीकडचा, बारा वर्षांचा. ती सासरी गेलीच नाही. पुढच्याच पावसाळ्यात तो तापाने गेला आणि हिच्या बांगड्या उतरवल्या. का उतरवल्या ते तिला कुणी सांगितलं नाही. कायदा करणारे दिल्लीत, आणि कायद्याला बगल देणारे आमच्या शेजारीपाजारी, देवळात पुढे बसणारे. त्या सगळ्यांचा मला आजही संताप येतो, त्यांतले बहुतेक मेले तरी येतो.

तिचे वडील मुंबईला कचेरीत नोकरीला होते. घरात सत्ता आजोबांची. मुलीला शाळेत घालावी म्हणून तिच्या आईने सासऱ्यांपुढे महिनाभर धरणं धरलं तेव्हा कुठे ते तयार झाले, तेही एका अटीवर. तिच्यावरून गावात एक शब्द झाला तर ती शाळेत जायची बंद. आई हे मला सांगायला मुद्दाम शाळेत आली होती. डोक्यावरचा पदर सावरत दबल्या आवाजात म्हणाली, "मी मामंजींना तुमच्याकडे बोट दाखवून सांगितलंय हो, बाई. ही तुमच्यासारखी होईल म्हटलंय. तुमच्या हवाली करत्ये."

मी तिला म्हटलं की काळजी करू नका. म्हणायला काय जातं?

पोर हुशार होती आणि बडबडी. चौथ्या दिवशी सात आणि आठ नंबरची पाळी, तर ही पहिल्या दिवसापासून सगळ्यांना घोळात घेत होती. आज सांगायची करंज्या आणणार, उद्या सांगायची वाटली डाळ. माझ्या कानात मात्र येऊन सांगून गेली की आई तवशाचं धोंडस करणार आहे. पिकल्या काकडीचा हा गोड केक म्हणा, आमच्याकडे त्या दिवसांत घरोघर होतो, पण खिरापतीत कुणाच्या लक्षात यायचा नाही. मला कुणाला सांगायचं नाही म्हणून तिने शपथ घातली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. तिथे एक वकीलीणबाई बसल्या होत्या, आठ नंबरच्या मुलीच्या आई. नाकात नथ, बोलणं गोड. त्यांचं म्हणणं असं की सात नंबरच्या मुलीवर त्यांची माया आहे, तिचं नशीब बघून त्यांना झोप लागत नाही. पण हत्तीला हळदकुंकू तिच्या हातून वाहिलं जाणं बरं नव्हे, आणि तेही त्यांच्या मुलीच्या जोडीने. बाकीच्या आयांनाही तसंच वाटतं म्हणे. मोठ्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या की भोंडला बंद करावा असं त्यांना वाटत नाही, तेव्हा मीच काहीतरी मार्ग काढावा. मी स्वतः हत्ती काढते, पाट मांडते, तिकडे त्यांनी आजवर कानाडोळा केला आहे, हेही त्यांनी जाता जाता सुचवलं.

आता त्याच वेळी मी उठून म्हणायला हवं होतं की चौथ्या दिवशी सात नंबरच पूजा करील, नाहीतर भोंडला होणार नाही. वाक्य तोंडात तयार होतं. मी ते गिळलं आणि शहाणपणा केला. मला शहाणपणाची भारी हौस होती. मी म्हटलं, सात नंबर मधोमध पाटावर बसेल आणि हत्तीची पाटी मांडीवर धरील, पूजा आठ नंबर करील. वकीलीणबाईंचं समाधान झालं. मोठ्या बाई म्हणाल्या, छान सुचलं तुम्हाला. मीही घरी जाताना खूश होते. पोरीला कळणारसुद्धा नाही, उलट मधली जागा मिळाली म्हणून मिरवेल, असा माझा हिशेब.

आणि ती मिरवलीच. दुसऱ्या दिवशी धुतलेलं परकर-पोलकं घालून आली, डबा माझ्या टेबलाखाली लपवला, आणि मधे बसायचं म्हटल्यावर बाकीच्यांकडे असं बघितलं की दोघी रडायलाच लागल्या. वकीलीणबाई मुलीची पूजा बघायला आल्या होत्या. त्यांना खुर्ची दिली होती. मोठ्या बाई शेजारी उभ्या. मी पाटी पुसायची ओली चिंधी हातात घेऊन फळ्याशी उभी होते, चौथ्या दिवसाची बेरीज लिहून झाली होती.

आठ नंबरने हत्तीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं. तिचं वय सहा. घरी तिने आईला नवरात्रात रोज हळदकुंकू करताना पाहिलेलं. पाटावर जी बसते तिला कुंकू लावतात, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिने कोयरीत पुन्हा बोट बुडवलं आणि समोर बसलेल्या सात नंबरच्या कपाळावर हे एवढं मोठं कुंकू टेकवलं. थोडं नाकावर सांडलं. मुली हसायला लागल्या, आणि सात नंबर त्यांच्याहून जास्त हसायला लागली. तिच्या कपाळाला वर्षभर कुणी हात लावला नव्हता.

पाटावर बसवायची युक्ती माझी. पाटावर बसलेल्या बाईला काय करतात हे सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं, पुण्याहून शिकून आलेल्या मला सुचलं नाही.

वकीलीणबाई खुर्चीतून उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. आपल्या मुलीला दंडाला धरून त्यांनी मागे ओढलं, आणि हसणं एकदम थांबलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बाई, पुसा ते."

मी पुसलं.

मला कुणी धरलं नव्हतं, ढकललं नव्हतं. नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या चौदाव्या वर्षी माझं कपाळ एका आत्याने पुसलं होतं, तेव्हा मी जशी मान पुढे केली तसाच आता माझा हात पुढे गेला, विचार न करता. हातात पाटी पुसायचीच चिंधी होती. एकदा पुसून कुंकू गेलं नाही, ते भुवयांपर्यंत पसरलं. मग मी तिची हनुवटी धरून दुसऱ्यांदा पुसलं, नीट, कोपऱ्याने, नाकावरचंसुद्धा. हे दुसऱ्यांदा पुसणं मला स्वतःला माफ करता येत नाही. पहिल्या वेळी हात चुकला म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी काम चोख केलं.

ती रडली नाही. समजूतदार आवाजात म्हणाली, "आई म्हणते मला कुंकवाने पुरळ येतो. म्हणून पुसलंत ना?"

मी हो म्हटलं.

तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. "तुम्हालापण येतो?"

अठरा मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं की हो, मलाही येतो, आणि घंटा द्यायला सांगितली. गाणी झाली नाहीत. आठ नंबरला तिची आई घेऊन गेली, बाकीच्या आपापल्या पाट्या घेऊन गेल्या. टेबलाखालचा डबा कुणी उघडला नाही. मोठ्या बाई मागे थांबल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की मी प्रसंग फार चांगला सांभाळला. तो हात मी झटकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सात नंबर आली नाही. हजेरी घेताना तिच्या नावाशी मी थांबले, तर मागून एक मुलगी म्हणाली की तिला आता पाठवणार नाहीत. संध्याकाळी चार वाजता तो डबा घेऊन मी तिच्या घरी गेले. मनात सगळं बोलणं जुळवलं होतं. आजोबांना सांगायचं की चूक लहान मुलीची, राग शाळेवर काढू नका. वकीलीणबाईंच्या सांगण्यावरून झालं, मोठ्या बाईंनी हुकूम केला. दोषाचे वाटे घालत घालतच मी घाटी चढले. झेंडूच्या फुलांसारखे दहादहाचे.

आजोबा ओटीवर होते. ते मला बघून आत निघून गेले. आई मागल्या दारी आली. डबा हातात घेतल्यावर वजनावरूनच तिला कळलं की तो उघडलेलाच नाही. मी बोलायला सुरुवात केली, वकीलीणबाईंपर्यंत पोचले, आणि तिने मला थांबवलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मोठ्या बाईंनी पुसलं असतं तर मी मामंजींशी भांडले असत्ये हो," ती म्हणाली. "म्हटलं असतं, त्या तसल्याच, पण आपल्या बाई आहेत ना तिथे. आता काय सांगून भांडू?"

आतून पोरीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी मोठ्याने आकडे म्हणून दाखवत होती, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, मिळून तीन. तिला बाहेर बोलवा असं मी म्हटलं नाही. मला बघायची छाती नव्हती. आईने दार लोटून घेतलं, आणि मी आले त्या वाटेने परत गेले.

राजीनामा द्यावा असं मनात आलं होतं. दिला नाही. मी आणखी एकतीस वर्षं त्याच शाळेत शिकवलं, शेवटची नऊ मोठ्या बाईंच्याच खुर्चीवर बसून. सात नंबर पुन्हा शाळेत आली नाही, माझ्याच काय, कुठल्याच. सहाव्या दिवशी अकरा आणि बारा नंबरची पाळी होती. मी हत्ती काढला, पाट मांडला, एकवीस गाण्यांची बेरीज फळ्यावर लिहिली. हजेरीपटावर सातव्या ओळीत मी लाल शाईने आडवी रेघ मारली, पट्टी धरून, सरळ.