पुण्याच्या चित्रातला तोरणा

वेल्ह्यात चित्र काढताना आधी कागदभर तोरणा काढायचा आणि उरलेल्या जागेत घरं बसवायची, ही आमची पद्धत. पुढं पुण्यात चित्रकलेच्या सरांनी आम्हाला गच्चीवर नेऊन समोरचं शहर रंगवायला सांगितलं, तेव्हाही मी आधी तोरणाच काढला.

“रचना बिघडली. डोंगर शहराच्या डोक्यावर बसलाय,” सर म्हणाले. “फिका कर, खाली आण.”

“न्हाई आणणार, सर. बसू दे की जरा. आजवर शहरच आमच्या डोक्यावर बसलंय.”

पोरं हसली. हसू देत. मी डोंगराचा निळा आणखी गडद केला आणि ब्रश डब्यात बुचकळला. डब्यातलं पाणी गच्चीवरच्या नळाचं होतं, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या धरणाचं.